इंदूचे जुने १२०चे रोल: डेव्हलपिंगची वेळ कुठेच नाही

मळ्यावरचा:
म्हापशाच्या मामांच्या कपाटात उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे 'इंदू' फिल्मचे तीन रोल सापडले. मुदत १९९४ची. मामा दर चवथीला माटोळीचे, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या छताचे, फोटो काढायचे, त्यातले उरलेले. वेळेच्या तक्त्यात हिचे नाव कुठेच नाही, म्हणून पहिला रोल इल्फर्डची एचपी-फाइव्ह फिल्म समजून डी-७६ डेव्हलपरमध्ये (पाण्यात एकास एक), ११ मिनिटे धुतला. निगेटिव्ह म्हणजे कोरा चहा! खिडकीसमोर धरली तर अंगणातली तुळस कशीबशी दिसते, आणि कडेचे जिलेटीन ओल्या पापडासारखे सुटलेय. दोन रोल उरलेत. घरात रॉडिनल हा दुसरा डेव्हलपरही आहे, त्यात टाकू?

लाल बल्ब:
पाणी किती डिग्री होते?

मळ्यावरचा:
नळाचे. आता मोजले, २९.

लाल बल्ब:
मग झालेच. ती ११ मिनिटे २० डिग्रीची. ढोबळ हिशेबाने डिग्रीमागे वेळ दहा टक्के घटते. तुमची चारेक मिनिटांत शिजली, पुढे नुसती करपली. रॉडिनल नको, मुदत उलटलेल्या फिल्मवर फोटोतला दाणा फार वर आणतो. डी-७६च ठेवा, पण २४वर.

एका रोलचा बळी द्या. बाराही फ्रेम एकाच भिंतीच्या काढा, दशकामागे एक स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड), असे तीन स्टॉप जास्त उजेड देऊन. मग अंधारात बोटभर तुकडे कापा. एक डेव्हलप न करता थेट हायपोत (फिल्म पक्की करणाऱ्या द्रावणात), तो स्वच्छ बेस. बाकीचे ६, ८, १० मिनिटे. भिंत बघत बसू नका, दोन फ्रेममधली कोरी पट्टी बघा: बेसपेक्षा जेवढी काळी, तेवढा फॉग, म्हणजे उजेड न लागताच आलेला काळेपणा. भिंत पुरेशी उठली आणि पट्टी अजून फिकी, तिथे थांबायचे.

फेरीबोट:
हायपो आणि धुवायचे पाणीही २४लाच ठेवा हं, नळाखाली धरलीत की जिलेटीन पुन्हा सुटेल. मे महिन्यात माठ कामाला येतो. पावसात माठाला घामच येत नाही, बर्फ घ्या. जुने स्टुडिओवाले उन्हाळ्यात डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायचे, जिलेटीन फुगू नये म्हणून. सल्फेट हं, सल्फाइट नव्हे! मी एकदा न वाचताच बाटली घेऊन आलो होतो.

मळ्यावरचा:
आठ मिनिटे! दहाला पट्टी एकदम काळवंडली, सहाला भिंत भुतासारखी. आठच्या तुकड्यावर भिंतीतल्या जांभ्या चिऱ्याची भोकेसुद्धा दिसतात. तिसरा रोल फ्रीजमध्ये ठेवलाय, चवथीपर्यंत. मामांना सांगितले तर म्हणाले, माटोळीतली सुपारी स्पष्ट आली पाहिजे. देव बरें करूं.