मदत हवी आहे: जर्मन शेफर्ड पिल्लाचे चावणे आणि निर्बीजीकरणाचे योग्य वय

नमस्कार. आमच्याकडे खंड्या नावाचा सात महिन्यांचा जर्मन शेफर्ड नर आहे. त्याचे वजन आताच २६ किलो भरले आहे. आम्ही पुण्यात तिसऱ्या मजल्यावर राहतो. सासूबाईंच्या खुब्याचे दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झाल्यामुळे त्या काठी घेऊन चालतात, आणि माझी खरी अडचण तिथूनच सुरू होते.

दिवसभर खंड्या शहाण्यासारखा वागतो. संध्याकाळी सातच्या सुमारास सासूबाई देवापाशी दिवा लावायला उठल्या की त्याच्या अंगात येते. आधी तो घरभर सुसाट धावतो. वळताना गुळगुळीत फरशीवरून मागचे पाय घसरतात तरी थांबत नाही, आणि शेवटी त्यांच्या साडीचा काठ तोंडात धरून मागे ओढू लागतो. त्यात राग नसतो, गुरगुरणेही नसते. पण सुळे आता दुधाचे राहिलेले नाहीत. (पडलेला एक दुधाचा सुळा मुलीला स्वतःच्या बुटात सापडला, तो तिने कंपासपेटीत जपून ठेवला आहे.) मागच्या आठवड्यात त्याने काठ सोडलाच नाही. शेजारी भिंत होती म्हणून सासूबाई पडता पडता वाचल्या.

आमच्या पशुवैद्यांचे म्हणणे असे की याच महिन्यात निर्बीजीकरण उरकून घ्यावे, म्हणजे तो शांत होईल. घरचे सगळे लगेच तयार झाले. मी मात्र वाचत बसले आणि गोंधळ वाढला. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील पशुवैद्यकांनी २०१६ मध्ये याच जातीवरचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात एक वर्षाच्या आत निर्बीजीकरण झालेल्या नरांपैकी २१ टक्के, तर अजिबात न झालेल्यांपैकी ७ टक्के नरांना सांध्यांचे विकार आढळले. २०२० मध्ये त्यांनी ३५ जातींचा विचार केला, तेव्हाही शेफर्डसाठी जवळजवळ दोन वर्षे थांबण्याचा सल्ला दिला. लांब हाडांच्या टोकांशी असलेली वाढीची कूर्चा वेळेवर बंद होण्यासाठी लैंगिक संप्रेरके लागतात. ती लवकर काढून घेतली तर हाडे जास्त काळ वाढत राहतात, असे त्यामागचे कारण दिले जाते. हे आकडे अमेरिकेतील एका रुग्णालयात आलेल्या कुत्र्यांचे आहेत, हे मला कळते. तरीही तिप्पट फरक नजरेआड करवत नाही.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ऑपरेशनने हे काठ ओढणे खरोखर थांबते का? आणि दोन वर्षे थांबायचे ठरवले, तर तोवर सासूबाईंना सुरक्षित कसे ठेवावे? एका प्रशिक्षकांनी नाकावर फटका मारायला सांगितले होते. तो मार्ग आम्हाला नको आहे.

प्रतिसाद १

माझ्याकडे आजवर दोन शेफर्ड आणि एक लॅब्रेडॉर झाले, त्या अनुभवावरून लिहितो. ऑपरेशनने भटकणे, जागोजागी मूत्राच्या खुणा करणे आणि अंगावर चढणे बहुधा कमी होते. उड्या मारणे, हलणारी वस्तू पकडणे आणि तोंड लावणे हे वयाचे आणि सवयीचे भाग आहेत. शिवाय शेफर्ड ही मेंढ्या वळणारी जात असल्याने हलणारा काठ पकडायला त्याला कुणी शिकवावे लागत नाही. त्यासाठी सातव्या महिन्यात शस्त्रक्रिया करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संध्याकाळच्या धिंगाण्याचे एक कारण अपुरी झोप असू शकते. या वयाच्या पिल्लाला माणसापेक्षा बरीच जास्त झोप लागते आणि माणसांच्या घरात ती सहसा होत नाही. दुपारी त्याला शांत खोलीत दोन तास निजू द्या. साडेसहाला फिरवून आणा, पण जिने धावत उतरवू नका. नंतर देवघराच्या दारात लहान मुलांसाठी मिळते तसे जाळीचे फाटक लावा आणि पलीकडे त्याला त्याच्या चटईवर फ्रिजमधले थंडगार गाजर द्या. दिवा लागला की चटई आणि गाजर, हे रोज त्याच क्रमाने झाले पाहिजे. काठ धरलाच, तर ओढाताण न करता सासूबाईंनी जागीच उभे राहावे आणि तुम्ही खाऊ दाखवून तो सोडवून घ्यावा. ओढले की त्याच्या दृष्टीने तो खेळच होतो. घसरणाऱ्या फरशीवर रबरी पायपुसणी अंथरा, कारण वाढत्या खुब्यांना त्या घसरण्याचा त्रास तुम्हाला वाटतो त्यापेक्षा जास्त होतो.

थांबायचे असेल, तर पट्ट्याशिवाय बाहेर सोडायचे नाही, ही अट मात्र पाळावी लागेल. तुमच्या नराची चूक शेजारच्या मादीच्या पिल्लांना भोगावी लागू नये.

प्रतिसाद २

वरील मताशी सहमत आहे. मात्र हा धागा वाचून मादी पाळणाऱ्यांनी तेच गणित जसेच्या तसे लावू नये. माझ्या बहिणीच्या लॅब्रेडॉर मादीला आठव्या वर्षी गर्भाशयात पू झाला आणि मध्यरात्री ऑपरेशन करावे लागले. मादीमध्ये थांबण्याचा धोका वेगळा असतो, त्यामुळे तिचे वय, जात आणि माजाचे (हीटचे) चक्र पशुवैद्यांसमोर स्वतंत्रपणे मांडावे.

मूळ धागालेखिका

मनापासून आभार. फाटक लावून नऊ दिवस झाले. पहिले तीन दिवस खंड्या फाटकावर पंजे टेकून रडत होता. आता दिव्याची काडी ओढल्याचा आवाज आला की स्वतःच चटईवर जाऊन बसतो. पशुवैद्यांशी पुन्हा बोलले. दीड वर्षाचा झाल्यावर खुब्यांचे एक्स-रे काढून मगच तारीख ठरवू, यावर त्यांनी संमती दिली. सासूबाईंनी मात्र गाजराचा खर्च वहीत वेगळा लिहायला सुरुवात केली आहे.