अनुभव धागा : खान्देशातून कोडिंग करणाऱ्यांनो, लिहा

पुण्यात सहा वर्षं काढून 2020 च्या लॉकडाऊनमध्ये जळगावला आलो, तो इथेच राहिलो. वेब डेव्हलपर आहे. गल्लीच्या लेखी 'कॉम्प्युटरवाला', त्यामुळे तीन घरांचे प्रिंटर माझ्या गळ्यात. पॅकेजचे आकडे नकोत, ते लग्नाच्या बैठकीत बोलू. कामात कुठे आपटलात, ते लिहा.

रावेरहून
केळीच्या एका व्यापाऱ्याला रोजचे भाव दाखवणारं पान करून दिलं. हिवाळाभर मस्त चाललं. उन्हाळा लागला, कापणी पहाटे सुरू झाली आणि फोन यायला लागले, "भाऊ, आजचा भाव कालच्या तारखेत जातोय." मी दुपारी बघायचो, सगळं बरोबर! शेवटी एका पहाटे पाचला त्यांच्या वखारीत जाऊन बसलो. चहा आला, मुनीमजींनी भाव टाकला, तारीख कालची. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आणि आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत त्याचा कालचाच दिवस चालू. दुपारी सापडणार कसं? दुरुस्ती एका ओळीची.

भुसावळहून
साइट चालू झाली, उरलेले निम्मे पैसे आलेच नाहीत. सर्व्हरचा पासवर्ड माझ्याकडे होता, दोनदा हात शिवशिवला. बंद नाही केली. आता निम्मे आधी, उरलेले साइट चढवण्याआधी.

धुळ्याहून
मी आधी एमएस-सीआयटी शिकवायचे, पीएचपी ही वेबसाइट बनवायची भाषा नंतर घरीच शिकले. बातम्यांच्या पानावर मजकूर थोडासा दाखवायचा म्हणून सबस्ट्र या मजकूर कापणाऱ्या फंक्शनने कापला, तर टोकाला काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह. एसटीआरलेनला 'केळी'ची लांबी विचारली, म्हणे 12! यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत, क, मात्रा, ळ, वेलांटी प्रत्येकी 3 बाइट, आणि ही फंक्शनं बाइट मोजतात. एमबी_सबस्ट्र लावलं, प्रश्नचिन्ह गेलं. पण तीनवर कापलं की 'केळी'चं 'केळ' उरतं! ते वेलांटी वेगळी मोजतं. ग्राफीम_सबस्ट्र लावलं तेव्हा अक्षरं अखंड राहिली. इंग्रजी उदाहरणं गिरवून शिकलं की हे कळतच नाही, 'हॅलो वर्ल्ड' कुठेही कापा, बिघडत नाही.

नंदुरबारहून
मराठी माध्यम. मुलाखतीत रिकर्शन, म्हणजे फंक्शनने स्वतःलाच बोलावणं, विचारलं. येत होतं, पण इंग्रजीतून तोंड उघडेना. कागद मागून फॅक्टोरियल लिहून दाखवलं. तिथे नाही घेतलं. पुढच्या ठिकाणी आधीच कागद मागितला, तिथे लागले.

अमळनेरहून
घरूनच काम करतो. आजी रोज इचारस, "घरमा बशीसन तुले कसाना पगार देतस रे?" उत्तर सुचलं तर कळवा.

धुळ्याहून, पुन्हा
रावेरवाले भाऊ, कालच्या तारखेत गेलेल्या जुन्या नोंदींचं काय केलंत?

रावेरहून
ताई, मुनीमजींची लाल वही होती. रात्री दोघं बसलो, ते वाचत गेले, मी तारखा बदलत गेलो. वहीत एकही चूक नव्हती.