शब्दचर्चा : मोठ्यांच्या कॉमिक्सला आपल्याकडे काय म्हणायचं?

टिळकवाडी
नमस्कार मंडळी. बेळगावात आमच्या गल्लीतल्या छोट्या वाचनालयाची कपाटं नव्यानं लावतेय आणि एका मराठी-कन्नड पाटीवर अडलेय. देणगीत 'माऊस', 'पर्सेपोलिस', 'भीमायन' अशी पुस्तकं आली आहेत. पानापानावर चित्रं, म्हणून कुणीतरी ती बालविभागात ठेवली. 'माऊस'मध्ये ऑश्वित्झच्या छळछावणीतून वाचलेल्या बापाची कहाणी मुलानं चित्रांतून मांडली आहे; ज्यू उंदीर, नाझी मांजरं. १९९२ साली त्याला पुलित्झरचा विशेष पुरस्कार मिळाला. ते दुसरीतल्या पोरासाठी नाही. आणि ज्यांच्यासाठी आहे ती माणसं त्या कपाटाकडे वळत नाहीत. वळलीच तर "नातवासाठी नेतो" म्हणतात. पुस्तक परत करताना मात्र 'पर्सेपोलिस'मधल्या इराणच्या क्रांतीवर अर्धा तास बोलतात, म्हणजे वाचलं कुणी ते कळतंच. मोठ्यांना हे वाचायला आवडतं, याबद्दल मला शंका नाही. अडतंय ते शब्दावर. कॉमिक्स, चित्रकथा, ग्राफिक नॉव्हेल, चित्रकादंबरी, यातलं काय लिहू?

शहापूर
'कॉमिक्स' लिहा की, अक्का. सगळ्यांना कळतं. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली. आमच्या घरी त्यातला वेताळ आधी वडील वाचायचे, मग आमच्या हाती यायचा. शब्द पूर्ण मराठी झालाय. इंग्रजीतलं अनेकवचन आपण एकवचन करून टाकलं: 'एक कॉमिक्स दे', 'दहा कॉमिक्स आणली'. लिंगाचं मात्र अजून ठरलेलं नाही. आमच्या घरी 'ते कॉमिक्स', मामाच्या गावाला 'ती कॉमिक'.

निपाणी
शब्द रुळलाय, मान्य. पण मराठीत 'कॉमिक' म्हणजे विनोदीही. 'नाटकात कॉमिक काम करतो' असं आपण सहज म्हणतो. छळछावणीच्या कहाणीवर ही पाटी मला लावता येणार नाही. इंग्रजीतही शब्द हसण्यावरूनच आलाय. इतरांनी काय केलं बघा: फ्रेंचमध्ये 'बांद देसिने', म्हणजे चित्रांच्या पट्ट्या. इटालियनमध्ये 'फुमेत्ती', म्हणजे धुराचे छोटे लोट, पात्रांच्या तोंडातून निघणाऱ्या बोलण्याच्या फुग्यांवरून. दोन्ही शब्द रूप सांगतात, वाचणाऱ्याचं वय सांगत नाहीत. जपानात तर वयाप्रमाणे वेगळी नावं आहेत. मोठ्या पुरुषांसाठीचा मांगा, म्हणजे जपानी कॉमिक्स, तो 'सैनेन', बायकांसाठीचा 'जोसेई'. तिथं मोठ्या माणसाला नातवाचं नाव पुढं करावं लागत नाही.

खानापूर
मी निवृत्त शिक्षक. 'चित्रकथा' हा शब्द अर्थानं चोख आहे, पण आपल्या भागात एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईत येणार नाही. कन्नडात 'चित्र' म्हणजे सिनेमाही. कन्नड सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'कथे, चित्रकथे, संभाषणे' अशी ओळ येते आणि तिथं 'चित्रकथे' म्हणजे आपली पटकथा. बेळगावात दोन्ही भाषा वाचणाऱ्या मुलाला 'चित्रकथा' म्हटलं की आधी सिनेमा आठवू शकतो. कॉमिक्सलाही कन्नडात तोच शब्द चालतो, त्यामुळे घोळ वाढतो.

'कादंबरी'चं उलट आहे. हा शब्द मराठी आणि कन्नड दोघींचा, बाणभट्टाच्या नायिकेवरून आलेला. हिंदीत उपन्यास, गुजरातीत नवलकथा. आणि आपल्याकडच्या कॉलेजच्या दारावर 'उपन्यासकरु' दिसलं तर ते कादंबरीकार नव्हेत, व्याख्याते! म्हणून माझं मत 'चित्रकादंबरी'ला. चिकोडीचा मराठी वाचक आणि गोकाकचा कन्नड वाचक, दोघांनाही न समजावता कळेल.

उचगाव
सर, 'चित्रकथा' इतक्यात सोडू नका. हा शब्द मुलांचा झाला तो अलीकडे. अनंत पै यांची अमर चित्र कथा १९६७ची. ते आपल्याच राज्यातले, कारकळचे. मालिका फार मोठी झाली आणि शब्द बालवाचनाला चिकटला. पण त्याआधीचं बघा. आंबोली घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला गेलं की ठाकर समाजातले चित्रकथी आजही आहेत. सुट्या चित्रांची पोथी, एकेक चित्र समोर धरायचं आणि रामायण-महाभारतातलं आख्यान गाऊन सांगायचं. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लासा'तही चित्रकथकांचा उल्लेख आहे, म्हणजे शब्दाची नाळ कर्नाटकातच सापडते. देवळात ते आख्यान ऐकायला बसणारा शेतकरी काही बालवाचक नव्हता. चित्र बघत गोष्ट घेणं हे मोठ्यांचंच काम होतं. 'भीमायन'मधली चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांची आहेत. ती पानं मला पिंगुळीच्या पोथीची सख्खी भावंडं वाटतात.

निपाणी
हे पटलं. शिवाय 'कादंबरी'त आणखी एक खोट आहे. 'पर्सेपोलिस' हे आत्मकथन, 'भीमायन' हे डॉ. आंबेडकरांचं चरित्र. कादंबरी कुठंय?

खानापूर
ही खोट इंग्रजी शब्दातही आहे. १९७८ साली अमेरिकी चित्रकथाकार विल आयस्नरच्या 'अ काँट्रॅक्ट विथ गॉड'च्या मुखपृष्ठावर 'ग्राफिक नॉव्हेल' छापलं आणि तिथून शब्द पसरला. आत मात्र न्यूयॉर्कच्या चाळीतल्या चार कथा आहेत. तरी उचगावकरांचा मुद्दा जड आहे. चित्रकथा हा सगळ्यांना सामावणारा शब्द ठेवावा, चित्रकादंबरी, चित्रचरित्र, चित्रआत्मकथा हे त्याचे पोटप्रकार.

शहापूर
आणि 'प्रौढांसाठी चित्रकथा' असं लिहू नका. 'प्रौढांसाठी' वाचलं की सिनेमाची पाटी आठवते, नाहीतर प्रौढ साक्षरता वर्ग.

टिळकवाडी
बरोबर आहे, त्या शब्दानं चांगली माणसं परत फिरतील. 'चित्रकथा : मोठ्यांच्या वाचनासाठी' असं लिहितेय. कपाट बालविभागातून काढून कादंबऱ्या आणि चरित्रांच्या मधे हलवतेय. सर, कन्नड ओळीत 'चित्रकथे' लिहिलं तर पटकथेची पुस्तकं समजतील का लोक?

खानापूर
कन्नड ओळीत 'चित्र-कादंबरी' लिहा, जोडरेघ देऊन. मराठी ओळीत चित्रकथाच राहू दे.