पायथन: 'दुसऱ्या' डिक्शनरीत दिसतं, तरी की-एरर येते

चारस्पेस (प्रश्न)

पायथन ३.११. दोन फाइली आहेत, दोन्ही यूटीएफ-८. पहिलीत शब्द आणि त्याचं मूळ रूप अशा जोड्या, त्यांची डिक्शनरी बनवली आहे. दुसरीत जुन्या वेबपानांवरून काढलेला मजकूर. मजकुरातला एकेक शब्द डिक्शनरीत शोधायचा, एवढंच काम.

बहुतेक शब्द सापडतात. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड' आणि 'ॲप' यांच्यावर मात्र की-एरर, म्हणजे 'हा शब्द डिक्शनरीत नाही' अशी चूक, येते. डिक्शनरीतला आणि मजकुरातला शब्द शेजारीशेजारी प्रिंट केले तर काडीचा फरक दिसत नाही, पण बरोबर-बरोबरने तुलना केली की फॉल्स.

करून पाहिलेलं:
– स्ट्रिप लावलं. फरक नाही.
– दोन्हीकडे युनिकोडडेटा.नॉर्मलाइज, 'एनएफसी' (युनिकोड समान मानतं त्या लिखावटी एका रूपात आणणं) लावलं. यानंतर काही 'दुसऱ्या' सापडायला लागले, काही अजूनही नाहीत! इथेच डोकं चालेनासं झालं.
– लेन (लांबी) काढलं: डिक्शनरीतल्या 'दुसऱ्या'चं ७, मजकुरातल्याचं ८. एनएफसीने जे सुधारले त्यांचंही आधी ८ आणि जे सुधारले नाहीत त्यांचंही ८.

नेमकं काय चाललंय?

अर्धविराम

लेनवर थांबू नका, आत काय आहे ते बघा. शब्दातल्या प्रत्येक अक्षरावर ऑर्ड चालवून आकडे, म्हणजे युनिकोडमधले त्यांचे क्रमांक (कोडपॉइंट), प्रिंट करा. तुमच्याकडे हे तीन प्रकार निघतील:

पहिला, ७ कोडपॉइंट: २३४२ २३६९ २३६० २३५३ २३८१ २३५१ २३६६
दुसरा, ८ कोडपॉइंट: २३४२ २३६९ २३६० २३५२ २३६४ २३८१ २३५१ २३६६
तिसरा, ८ कोडपॉइंट: २३४२ २३६९ २३६० २३५२ २३८१ ८२०५ २३५१ २३६६

२३५३ म्हणजे आख्खा ऱ. २३५२ म्हणजे साधा र, २३६४ म्हणजे नुक्ता (अक्षराखालचा टिंब), २३८१ म्हणजे पाय मोडायची खूण. ८२०५ हा झीरो-विड्थ जॉइनर, अक्षरं जोडायची अदृश्य खूण. पुढे नुसतं जॉइनर म्हणतो.

दुसरा प्रकार एनएफसी दुरुस्त करतं, कारण 'र अधिक नुक्ता' आणि 'ऱ' हे युनिकोडच्या लेखी एकच आहेत. तिसऱ्याला ते हात लावत नाही. तिथे नुक्ता नाहीच, वेगळी युक्ती आहे: र, पाय मोडका आणि य असं लिहिलं की रफार येतो, 'र्य'. रफार नको, 'ऱ्य' हवं, म्हणून मध्ये जॉइनर घालायची ही जुनी पद्धत. आता युनिकोडची शिफारस ऱ वापरायची आहे, पण जुनी पद्धतही चालते आणि फॉन्ट दोन्हींचं चित्र सारखंच काढतो. तुम्हाला फरक दिसत नाही तो त्यामुळे. एनएफकेसी (एनएफसीचाच जास्त कडक प्रकार) लावूनही हा सुटणार नाही, उगाच वेळ घालवू नका.

एक झटपट चाचणी: शब्द थेट प्रिंट न करता यादीत घालून ती यादी प्रिंट करा. यादी छापताना पायथन रेप्र (स्ट्रिंगचं कोडमध्ये लिहितात तसं रूप) वापरतं, आणि जॉइनर छापण्याजोगं अक्षर धरलं जात नाही, त्यामुळे तो बॅकस्लॅश-यू लावून उघडा पडतो. नुक्ता मात्र असा पकडला जाणार नाही. त्याला ऑर्डच हवं.

रिकामीओळ

एवढं कशाला? ट्रान्सलेटला एक डिक्शनरी द्या, ८२०४ (झीरो-विड्थ नॉन-जॉइनर) आणि ८२०५ दोन्हींना नन. अदृश्य अक्षरं गेली, विषय संपला.

कंसपूर्ण

@रिकामीओळ, हे केलं तर काही शब्दांची की-एरर जाईलही, पण चुकीचं उत्तर मिळेल, आणि ते जास्त वाईट. 'आचार्‍यांना' हा शब्द जॉइनरने लिहिलेला आहे, अर्थ स्वयंपाक करणाऱ्यांना. यातला जॉइनर उडवा, उरतं 'आचार्यांना'. स्वयंपाकी गेले, गुरुजी आले. दोन्ही शब्द डिक्शनरीत असतील तर प्रोग्रॅम तक्रारही करणार नाही. तुमच्या पद्धतीने 'दुसर्‍या'चंही रफारवालं 'दुसर्या' होईल. ते डिक्शनरीत नसणारच, म्हणजे मूळ प्रश्न जागच्या जागी.

जॉइनर काढायचा आहेच, पण त्याचं काम ऱ कडे सोपवल्यानंतर. @चारस्पेस, की बनवणारं एक फंक्शन लिहा, त्यात हाच क्रम ठेवा:

१. एनएफसी. नुक्तेवाले ऱ एकत्र येतात.
२. 'र, २३८१, ८२०५' या तिकडीच्या जागी '२३५३, २३८१' ही जोडी.
३. आता उरलेले ८२०४, ८२०५ आणि त्यांच्या जोडीला ८२०३, ६५२७९ ट्रान्सलेटने काढा. शेवटचे दोन म्हणजे झीरो-विड्थ स्पेस आणि फाइलीच्या तोंडाशी बसणारा बीओएम. स्ट्रिप या चौघांपैकी एकालाही काढत नाही. १६० नंबरची न तुटणारी स्पेस मात्र काढतं.
४. '२३०९, २३७३' म्हणजे अ वर चंद्र, याच्या जागी २४१८, म्हणजे ॲ. तसंच '२३१०, २३७३' च्या जागी २३२१, म्हणजे ऑ. हिंदी वळणाचा ऍ, २३१७, मजकुरात येत असेल तर तोही २४१८ करा.
५. पुन्हा एकदा एनएफसी. र आणि नुक्ता यांच्या मध्येच जॉइनर अडकला असेल तर तिसऱ्या पायरीनंतर ते शेजारी येतात, त्यांना जोडायला.

तुमच्या 'ॲप'चं दुखणं चौथ्या पायरीत आहे. ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी लोक अ वर चंद्र देत, आणि चंद्र नीट बसावा म्हणून कित्येकदा मध्ये जॉइनरही घालत. म्हणजे एकाच चित्राच्या तीन लिखावटी, आणि युनिकोड त्यांना समान मानत नाही, त्यामुळे एनएफसी इथेही गप्प. ही पायरी जॉइनर काढल्यानंतरच हवी, नाहीतर मध्ये जॉइनर असलेले 'अ‍ॅ' निसटतात. उलट दुसरी पायरी जॉइनर काढायच्या आधीच हवी. क्रम बदलला की गडबड ठरलेली.

आणखी एक खड्डा. दुसऱ्या पायरीतली तिकडी कोटांमध्ये हाताने टाइप करू नका, सीएचआर(८२०५) असं लिहून जोडा. कोड चिकटवताना एडिटरने किंवा चॅटने तो जॉइनर गिळला, तर शोधायला उरतं फक्त 'र्', आणि तुमचा रिप्लेस मजकुरातला प्रत्येक रफार मोडत सुटतो: 'सूर्य'चं 'सूऱ्य', 'कार्य'चं 'काऱ्य'. डोळ्यांना ती ओळ आधीसारखीच दिसते, कोड तपासणाऱ्यालाही काही कळत नाही.

हे फंक्शन फक्त की साठी. मूळ मजकूर आहे तसा ठेवा. जॉइनर काढल्याने 'क्‍ष'सारखी मुद्दाम सुटी लिहिलेली जोडाक्षरं एकत्र येतात, आणि जोडलेले इमोजी सुटे होतात. डिक्शनरी भरताना आणि शोधताना, दोन्हीकडे तेच फंक्शन लावायचं हे सांगायला नकोच.

चारस्पेस

लावलं. 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'ॲप' सगळे सापडले. तपासायला म्हणून दोन्ही प्रकारचे आचारी-आचार्य टाकून पाहिले, वेगळे राहिले.

याच कामात पुढचा प्रश्न. मजकुराचे शब्द पाडायला आरई मॉड्यूलचं फाइंडऑल वापरतोय, पॅटर्न बॅकस्लॅश-डब्ल्यू-प्लस. 'दुसऱ्या'चे तीन तुकडे येतात: 'द', 'सऱ', 'य'. काना-मात्रा कुठे गेल्या? याआधी स्पेसवर स्प्लिट करत होतो तेव्हा हे नव्हतं.

अर्धविराम

आरईचा बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे इझअल्नम ('अक्षर किंवा अंक आहे का' ही चाचणी) खरं असलेली अक्षरं आणि अंडरस्कोर. काना, उकार, पाय मोडका यांची युनिकोड वर्गवारी 'मार्क' आहे, 'लेटर' नाही, म्हणून इझअल्नम त्यांना नाही म्हणतं आणि शब्द तिथे तुटतो. शब्दसीमेचा बॅकस्लॅश-बी याच्यावरच बेतलेला, तोही देवनागरीत भरवशाचा नाही. इझअल्फाने 'हा शब्द आहे का' असं तपासत असाल तर तेही सोडा. 'राम'सुद्धा फॉल्स येईल, कान्यामुळे.

दोन वाटा आहेत. पिपने रेजेक्स नावाचं मॉड्यूल घ्या, त्याचा बॅकस्लॅश-डब्ल्यू मार्क धरतो. किंवा आरईच ठेवून चौकटी कंसात स्वतः पल्ला द्या: २३०४ ते २४०३ आणि २४१७ ते २४३१. सरसकट २३०४ ते २४३१ देऊ नका, मध्ये २४०४-२४०५ वर दंड आहेत आणि २४०६ ते २४१५ वर अंक. नाहीतर श्लोकातला शेवटचा शब्द दंडासकट येईल.

कंसपूर्ण

त्यात भर: शब्द पाडायच्या आधीच आख्ख्या मजकुरावर कीचं फंक्शन चालवणार असाल तर झीरो-विड्थ स्पेस तिसऱ्या पायरीत काढू नका, तिच्या जागी साधी स्पेस द्या. काही वेबपानांत ती दोन शब्दांच्या मध्ये एकटीच असते, उडवली की शब्द एकमेकांना चिकटतात. आणि कीचं फंक्शन आधी नसेल चालवायचं, तर वरच्या पल्ल्यात ८२०४ आणि ८२०५ घाला, नाहीतर 'दुसर्‍या' जॉइनरवर तुटेल.

अंकांचं जाता जाता: इंट('१२') बरोबर १२ देतं, देवनागरी अंक पायथनला चालतात. पण स्ट्रिंग म्हणून देवनागरी आणि रोमन अंकांतला १२ वेगळे, त्यामुळे की मध्ये अंक येत असतील तर तेही एका लिपीत आणा.

रिकामीओळ

माझा सल्ला मागे. आचाऱ्यांचं लक्षात नव्हतं आलं.

@चारस्पेस, फाइलीतला फक्त पहिला शब्द सापडत नसेल तर बीओएम बघा. फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की तो वाचतानाच गळतो, बीओएम नसला तरी काही बिघडत नाही.

चारस्पेस

पहिला शब्द खरंच अडकत होता, पण तो कीच्या फंक्शनने आधीच सुटला होता. तरी सिग लावून ठेवलं. रेजेक्स मॉड्यूल घेतलं, 'दुसऱ्या' आता एकसंध येतो. अक्षरं मोजायची असतील तर? 'नमस्ते'चं लेन ६ येतं.

अर्धविराम

६ बरोबरच आहे: न, म, स, पाय मोडका, त, मात्रा. लेन कोडपॉइंट मोजतं. दिसणारी अक्षरं हवी असतील तर रेजेक्समध्ये मोठा बॅकस्लॅश-एक्स वापरा, पण उत्तर मॉड्यूलच्या आवृत्तीवर ठरतं. युनिकोड १५.१ च्या आधीच्या नियमांनी 'स्' आणि 'ते' वेगळे, म्हणजे ४. १५.१ पासून देवनागरी जोडाक्षर एकच धरतात, म्हणजे ३. आकडा कुठे साठवणार असाल तर मॉड्यूलची आवृत्ती रिक्वायरमेंट्स फाइलीत पक्की करा.