मदत हवी आहे: मुलाचं २४ तासांच्या लघवीतलं ऑक्झलेट 'नॉर्मल', पण काळजी वाटतेय

नमस्कार. मुलगा सात वर्षांचा, वजन २० किलो, उंची ११८ सेंमी. दोन वर्षांत तिसऱ्यांदा मुतखडे झालेत, तेही दोन्ही किडन्यांत. काढलेला खडा तपासला तर कॅल्शियम ऑक्झलेट मोनोहायड्रेट निघाला, म्हणजे लघवीतलं ऑक्झलेट कॅल्शियमशी जुळून बनलेला.

२४ तासांच्या लघवीत ऑक्झलेट ३८ मिलिग्रॅम आलं. रिपोर्टवर ४५ पर्यंत नॉर्मल छापलंय, त्यामुळे आमचा जीव भांड्यात पडला. पण किडनीच्या डॉक्टर मॅडमनी कागदावर हिशेब करून दाखवला. ती मर्यादा मोठ्या माणसांची. याच्या शरीराचं क्षेत्रफळ ०.८१ चौरस मीटर. मोठ्यांच्या १.७३ च्या हिशेबाने आकडा ८१ च्या घरात जातो. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही.

त्यात ती लघवीही धड गोळा झाली नव्हती. शाळेतली एक वेळ हुकली, लॅबने कॅनमध्ये ॲसिड (ऑक्झलेट तळाशी बसू नये म्हणून घालतात ते) घातलं नव्हतं. शिवाय तो तेव्हा व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळायचा. त्याचंही शरीरात ऑक्झलेट होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे आकडा खरा किती, देव जाणे.

आमचं लग्न नात्यातलं, मी यांच्या मामाची मुलगी. म्हणून मॅडमना प्रायमरी हायपरऑक्झलुरियाची, म्हणजे शरीरात जास्त ऑक्झलेट तयार होण्याच्या आनुवंशिक आजाराची शंका आहे. जनुकांची तपासणी होईलच, पण ऑक्झलेट कमी करायला व्हिटॅमिन बी-६ सुरू करण्याआधी लघवी पुन्हा तपासायची आहे. औषधाने ऑक्झलेट किती उतरतं त्यावर पुढचं ठरणार, त्यामुळे या वेळी चूक नको.

रक्तातलं क्रिएटिनिनही वाढलंय, म्हणजे किडनीचं काम मंदावलंय. किडनी थकली की ऑक्झलेट लघवीतून कमी जातं आणि रक्तात साठतं, म्हणून रक्तातलंही बघायचंय. ते सॅम्पल लगेच बर्फात ठेवून, प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा करून गोठवावं लागतं. आम्ही बार्शीजवळ राहतो. इथला लॅबवाला म्हणतो, "पाठवू की पुण्याला," पण बर्फाचं विचारलं की गप्प.

कुणी बाहेरगावाहून हे सॅम्पल दिलंय का? थेट पुण्या-मुंबईला जाऊनच रक्त द्यावं का? कॅनमधलं ॲसिड घरात लहान मुलं असताना कसं सांभाळलंत? रविवारी सकाळची पहिली लघवी सोडून सोमवारच्या पहिल्या लघवीपर्यंत गोळा करायचं ठरवलंय.

धाकटी तीन वर्षांची आहे, तिला काहीच त्रास नाही. तिचीही एका वेळची लघवी ऑक्झलेट-क्रिएटिनिन प्रमाणासाठी द्यायला सांगितलीय. ज्यांनी भावंडांची तपासणी केली, त्यांनी कृपया लिहा.