गोळीचे मिलिग्रॅम मोजता, पाळीचं कोण विचारणार?

जुईली_प
माझी धाकटी बहीण, वय २७. स्किझोफ्रेनियासाठी रिस्पेरिडोन चालू आहे. आधी २ मिलिग्रॅम, मग ४, दिवाळीनंतर ६. कानात आवाज येणं थांबलं, स्वयंपाकघरात पुन्हा वावरायला लागली. आणि पाळी गेली. चार महिने! घरात कुजबुज, मावशीने तर परस्पर प्रेग्नन्सीची पट्टी आणून हातात ठेवली. शेवटी मीच लॅबमध्ये नेलं. प्रोलॅक्टिन, म्हणजे अंगावर दूध आणणारं हार्मोन, ११२. बायकांसाठी वरची मर्यादा २५ च्या आसपास असते. इतक्या फेऱ्या झाल्या, डॉक्टरांनी झोप विचारली, भूक विचारली, पाळी एकदाही नाही. माझं मत: असं औषध सुरू करण्याआधी प्रोलॅक्टिन तपासलंच पाहिजे, आणि डोस वाढवला की परत.

ओपीडी_क्र_७
ताई, मनस्ताप कळतो, पण त्या 'तपासलंच पाहिजे'ला माझा विरोध. मी तालुक्याच्या गावी मनोविकाराचे पेशंट बघतो. रिपोर्टवर आकड्यापुढे ठळक 'हाय' दिसलं की घरचे गोळीच बंद करतात, आणि दोन-तीन महिन्यांनी पेशंटला चौघं धरून आणतात. आकडा म्हणजे आजार नव्हे. पाळी नियमित आहे, स्तनातून दूध येत नाही, अशा बाईचं प्रोलॅक्टिन ६० आलं तर मी काय करायचं? सुईच्या धास्तीनेसुद्धा ते थोडं चढतं.

जुईली_प
तपासणीला पैसे पडतात, मान्य. विचारायला पडत नाहीत ना? आणि जिची पाळीच गेली तिच्या हाडांचं काय? वर्षानुवर्षं इस्ट्रोजेन कमी राहिलं तर हाडं ठिसूळ होतात. निदान डोस तरी उतरवा. ६ चे ३ केले की प्रोलॅक्टिनही निम्मं.

खलबत्ता
इथे त्रैराशिक चालत नाही हो. फार्मसी कॉलेजात हेच शिकवते, म्हणून राहवलं नाही. मेंदूतलं डोपामिन हे रसायन म्हणजे प्रोलॅक्टिनवरचा ब्रेक. औषध मेंदूतल्या डी-२ रिसेप्टरवर, म्हणजे डोपामिनच्या जागेवर, बसतं तसंच पिट्युटरीतल्याही (प्रोलॅक्टिन बनवणारी मेंदूखालची ग्रंथी), आणि ब्रेक सुटतो. त्यात पिट्युटरीला मेंदूसारखी गाळणी नाही, रक्तातलं औषध तिथे थेट पोचतं. म्हणून रिस्पेरिडोन थोड्या डोसलाही प्रोलॅक्टिन वर नेतं. पुढे डोस दुप्पट केला म्हणून आकडा दुप्पट होईल किंवा निम्मा केला म्हणून निम्मा, असं नाही. हॅलोपेरिडॉल या याच आजारावरच्या जुन्या औषधाचा टोरांटोतला २००० सालचा पेट स्कॅनचा अभ्यास प्रसिद्ध आहे. डी-२ रिसेप्टर ६५ टक्क्यांच्या वर व्यापले की गुण येण्याची शक्यता वाढते, ७२ च्या वर प्रोलॅक्टिन चढण्याची, ७८ च्या वर अंग ताठरण्याची. गुण आणि त्रास यांच्यात बोटभर फट!

शिवाय चिठ्ठीवरचा डोस म्हणजे रक्तातली पातळी नव्हे. रिस्पेरिडोन मोडणारं लिव्हरमधलं सीवायपी२डी६ एन्झाइम काहींचं जन्मतःच मंद असतं. नैराश्यासाठी पॅरॉक्सेटीन जोडलं तरी तेच एन्झाइम अडतं. गोळी तीच, रक्तात औषध जास्त.

बिडीवाला_बाप्या
पातळीचं मला विचारा, स्वतः भोगलंय. याच आजाराचं दुसरं औषध, क्लोझापिन ३०० मिलिग्रॅम, जोडीला रोज एक बिडीबंडल. पाय मोडला, हाडांच्या वॉर्डात पंधरा दिवस, बिडी बंद. दहाव्या दिवशी दिवसभर गुंगी आणि उशी लाळेने ओलीचिंब. गोळ्या त्याच, वेळा त्याच! नंतर कळलं की धुरामुळे लिव्हर क्लोझापिन भराभर संपवत होतं. धूर थांबला, औषध साचलं. निकोटिनने नाही, धुराने. मग डोस उतरवला. प्रोलॅक्टिनचा त्रास मात्र क्लोझापिनला जवळपास नाहीच.

काउंटरमागून
अवांतर वाटेल, पण नाही. अ‍ॅसिडिटीच्या कितीतरी कॅप्सूलमध्ये रॅबेप्रॅझोलसोबत लेव्होसल्पिराइड असतं. लोक जुनी चिठ्ठी नाचवत महिनोन्‌महिने नेतात. तेही डी-२ अडवणारंच, प्रोलॅक्टिन चांगलंच वाढवतं. जुईलीताई, बहीण पोटासाठी काही घेते का?

जुईली_प
थांबा, बघून येते.
हो. आईच्या डब्यातली. सकाळी अनशापोटी एक, 'गॅस धरतो' म्हणून. मागचं लेबल वाचलं, तेच नाव आहे.

ओपीडी_क्र_७
बघा. म्हणून म्हणतो, आधी विचारपूस, मग सुई. ती कॅप्सूलची पट्टी तुमच्या डॉक्टरांना दाखवा. रिस्पेरिडोनला मात्र आपल्या मनाने हात लावू नका. कॅप्सूल थांबवूनही पाळी आली नाही तर औषध बदलता येतं, किंवा थोडं अ‍ॅरिपिप्राझोल जोडता येतं. ते त्याच रिसेप्टरवर बसून ब्रेक अर्धवट का होईना, दाबून धरतं. पाळीचं विचारायला हवं होतं, कबूल. सरसकट तपासणीला अजूनही नाहीच.

जुईली_प
पण डॉक्टर, सुरुवातीचा आणि मधले आकडे हातात असते, तर ११२ मधलं पाप गोळीचं किती आणि कॅप्सूलचं किती, याचा अंदाज तरी आला असता ना? तुम्ही विचारलं असतं तरी आम्ही 'दुसरं काही चालू नाही' असंच सांगितलं असतं. अ‍ॅसिडिटीच्या गोळीला आमच्या घरी औषध कोण म्हणतं!
सोमवारची अपॉइंटमेंट आहे. पट्टी पर्समध्ये टाकलीय. आईला अजून सांगितलेलं नाही.