गल्लीच्या काँक्रिटीकरणाचा खर्च तिथल्याच मिळकतदारांकडून घ्यावा का?

अमेरिकेतील अनेक शहरांप्रमाणे रस्त्यालगतच्या मिळकतींवर दर्शनी लांबीनुसार, म्हणजे रस्त्याकडील बाजूच्या लांबीनुसार, त्या कामापुरती विशेष आकारणी करावी, अशी एक सूचना साताऱ्यासाठी केली गेली आहे; ती विचार करण्याजोगी आहे. मात्र साताऱ्यात पैसा कोणत्या वाटांनी येतो हे आधी पाहिले पाहिजे. आपल्या नगरपरिषदेला 1965 च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार चालावे लागते. त्यातील चतुर्थ वार्षिक (दर चार वर्षांनी होणाऱ्या) आकारणीत मिळकतीचे करयोग्य मूल्य, म्हणजे ज्यावर घरपट्टी लावली जाते ते मूल्य, ठरते, हरकती मागवून सुनावणी होते. पण समोरचा रस्ता नव्याने झाला म्हणून त्याचा खर्च तेवढ्याच घरांवर विभागला जात नाही. मोठी कामे बहुधा राज्य सरकारचे नगरोत्थान अभियान, जिल्हा नियोजन समिती किंवा आमदार निधीतून होतात, आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या (2025-26 पर्यंतच्या) केंद्रीय अनुदानाचा मोठा हिस्सा पाणी व स्वच्छतेसाठी बांधील असल्याने रस्त्यांना त्यातून थोडेच उरत असे.

अमेरिकी पद्धतीत मिळकतीला होणाऱ्या लाभापेक्षा आकारणी जास्त नसावी, असे सामान्य तत्त्व आहे. शाहूपुरीसारख्या, 2020 च्या हद्दवाढीत आलेल्या भागात हा लाभ कसा मोजणार? तिथे रस्त्याआधी गटार हवे, अन्यथा नवे काँक्रीट वर्षभरात पुन्हा फोडले जाते (हे दृश्य कोणत्या पेठेला नवे आहे?). शिवाय यादोगोपाळ पेठेतील अरुंद दर्शनी भागाच्या वाड्यात अनेक कुटुंबे राहतात, तर उपनगरातील एका बंगल्याला लांबलचक कुंपण असते; केवळ लांबीवर आकारणी केल्यास दोघांपैकी एकावर अन्याय ठरलेलाच. त्यामुळे नवा भार सुचवण्यापूर्वी सर्वसाधारण सभेने प्रत्येक रस्त्याचे अंदाजपत्रक, निधीचे शीर्ष (पैसा कोणत्या खात्यातून येणार) आणि दोषदायित्वाची मुदत (ठेकेदाराने बिघाड स्वखर्चाने दुरुस्त करण्याचा काळ) प्रभागनिहाय जाहीर करावी, अशी माझी मागणी राहील.